घोंगड्याखालच्या दोन तलवारी

संशयी म्हणून माझी ख्याती आहे. दूध उतू गेलं तर मी आधी चुलीकडं बघत नाही, चुलीपाशी बसलेल्या माणसाकडं बघते, असं आमच्या सुना म्हणतात. म्हणू देत. पण माझ्यापेक्षा संशयी माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. लिंबाजी उस्ताद.

परवा नातवानं जत्रेतून प्लॅस्टिकच्या दोन तलवारी आणल्या. दोन्ही अगदी सारख्या. अंगणात खणाखणी सुरू झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सारख्या तलवारी घेऊन कुणी खेळतं का रे?" पोरं हसायला लागली. त्यांना वाटलं म्हातारी चळली. तेव्हापासून उस्ताद डोक्यातून जाईना झालाय.

निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं होती. आमचं गाव पिंगळीच्या स्टेशनापासून कोसभर. आमच्या परसाची भिंत आणि तालमीची भिंत एकच, आणि ती माझ्या खांद्याइतकीच उंच. मी परसात वाळवण घालायला गेले की तालमीतलं सगळं दिसायचं. बायकांनी तालमीत पाय ठेवायचा नाही असा दंडक होता, बघायचं नाही असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

उस्ताद नेमका कुठला ते कुणालाच कळलं नाही. एकाला सांगायचा कंधारचा, दुसऱ्याला सांगायचा बिदरचा. आमच्या मालकांनी एकदा दोन्ही गावं त्याच्या तोंडावर मारली तर म्हणाला, "दोन्हीकडं ऱ्हायलो की. तुमाला कोणतं पायजे?" बुटका, रुंद माणूस. एक कान चुरगळलेला. कुणाकडं पाठ करून बसला असं कधी झालं नाही. पारावर गेला तरी आधी झाडाचा बुंधा धरायचा, पाठ टेकवायचा, मगच राम राम घालायचा. तालमीत झोपायचा त्याचा कोपरा रोज बदलायचा. स्वतःची भाकर स्वतः थापायचा. आणि पाणी? दुसऱ्याच्या हातचं घोटभर पाणी त्या माणसानं कधी घेतलं नाही. त्याचा स्वतःचा लोटा होता, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आणि विहिरीवरून पाणी स्वतः शेंदून आणायचा.

होळीला आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला पुरणाची पोळी पाठवली. मी भिंतीवरून बघत होते. उस्तादानं पोळीचा तुकडा मोडला, तालमीतल्या मांजरापुढं टाकला आणि मांजराकडं बघत बसून राहिला. मांजर खाऊन, तोंड पुसून, उन्हात झोपलं. तरी याचं समाधान होईना. मी आत येऊन सांगितलं तर आत्याबाईंचा नुसता अंगार झाला. "माझ्या पोळीची परीक्षा मांजर घेणार व्हय? मेल्याला परत काही देशील तर बघ!" पुढं वर्षभर त्याचं नाव काढलं की त्या परातीवर हात आपटायच्या.

पण शिकवायला बसला की तो निराळा माणूस. त्याची रीत मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही. तालमीत तलवारी होत्या, लोखंडी, धार घालवून बोथट केलेल्या. एक लांब असायची, तर जोडीतली दुसरी हातभर आखूड. बरोबरीच्या तलवारींची जोडी त्यानं कधी ठेवलीच नाही. खेळायच्या आधी दोन्ही तलवारी जमिनीवर ठेवायचा आणि वरून घोंगडं टाकायचा. मुठी तेवढ्या बाहेर. मुठी सगळ्या एकसारख्या, एकाच सुतळीनं गुंडाळलेल्या. दोघांनी एकेक मूठ धरायची आणि ओढायची. जी हाताला लागली ती आपली, कुरकुर करायची नाही.

"बरोबरीच्या तलवारी नाटकात असतात," तो म्हणायचा. "भांडण येतं तवा तुमचं सामान बगून येत न्हाई."

आखूड तलवार हाती आलेला पोरगा पहिल्यांदा मागं मागंच सरकायचा. मग उस्ताद ओरडायचा, "पळू नगं! पळालास की त्याचंच राज. तो वार करतो, तो जाऊ दे, अन् शीर आत! छातीला छाती लागली की त्याची लांबी त्यालाच जड." आणि खरंच तसं व्हायचं. लांब तलवारवाल्याचा वार हवेतून गेला की आखूडवाला घुसायचा, आणि मग त्या लांब तलवारीचं टोक बिचारं याच्या पाठीमागं कुठंतरी हलत राहायचं. हे बघताना माझी शेवयांची खाट कितीदा तरी शेळीनं साफ केली.

आमचे नामदेव भावजी, माझे धाकटे दीर, आखूड तलवारीचे पक्के खेळाडू झाले. त्यांच्या नशिबी आखूडच यायची. कारण त्यांची जोडी माणिकशी, आणि माणिक हात घालायचा तो लांब तलवारीलाच. माणिक म्हणजे भावजींचा लहानपणापासूनचा सोबती. अर्धं जेवण आमच्याच घरी. गोरा, हसरा, आत्याबाईंचे पाय चेपून देणारा, मला "वैनी, आज पिठलं कामून न्हाई?" म्हणून विचारणारा. आत्याबाई म्हणायच्या, नशीब काढलंय पोरानं, जिथं हात घालतो तिथं मोठंच मिळतं. मलाही ते खरं वाटायचं.

तालमीला त्या काळी सरकारची इजाजत लागायची. आसपासच्या गावांतल्या तालमी एकेक करून बंद झाल्या होत्या. आमची मात्र चालू होती, आणि गावाला हेच खुपायला लागलं. कामून चालू? कोणाच्या जोरावर? तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली की उस्ताद दर बाजाराला पिंगळीत पोलिसांच्या जमादाराजवळ बसतो.

बातमी खरी होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाजाराला गेले होते तर चौकीच्या ओसरीवर जमादार उघडा बसलेला आणि आपला उस्ताद त्याचा खांदा चोळतोय. जमादाराचा खांदा घोड्यावरून पडून उतरला होता, तो म्हणे उस्तादानं बसवला होता. जमादार डोळे मिटून "वाह उस्ताद, वाह" करत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण संशयी माणूस नीट बघतो, आणि मी आणखी एक गोष्ट पाहिली. जमादारानं मागवलेला चहा उस्तादापुढं ठेवलेला होता. त्यावर साय धरली होती. उस्तादानं तो तोंडालाही लावला नव्हता.

हे मी घरी सांगितलं तर मालक म्हणाले, "चहाचं काय घेऊन बसलीस? खांदा चोळायलाय ते बघ."

भावजी तेव्हा निजामाविरुद्धच्या चळवळीत पडले होते. झेंडे लावणं, निरोप पोचवणं, माणसं सीमेपार वऱ्हाडात नेऊन सोडणं. वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल, तिथं निजामाच्या शिपायाचा हात पोचत नव्हता. त्यांच्या नावाचा बोभाटा झाला तसे ते घरात झोपायचे थांबले. मळ्यात कडब्याच्या गंजीला आतून पोकळ करून तिथं राहायचे. गंजीची जागा घरातल्या तिघांना, भाकर नेऊन देणाऱ्या माणिकला आणि उस्तादाला ठाऊक होती. बस्स.

आणि एक दिवस भर दुपारी जमादार शिपाई घेऊन आला. घराकडं ढुंकूनही बघितलं नाही. थेट मळ्यात, थेट गंजीपाशी. भाले खुपसून खुपसून गंजी विस्कटली. भावजी नेमके त्या वेळी विहिरीत पोहायला उतरले होते म्हणून वाचले. कपारीला धरून, नाकापर्यंत पाण्यात बसून राहिले. पुढच्या खेपेला विहीर असेलच कशावरून? सापडले असते तर त्यांना जितं परत आणता आलं असतं की नाही, याची घरात कुणालाच खात्री नव्हती.

गावानं निकाल लावून टाकला. खबऱ्या उस्तादच. दुसरा कोण? परका माणूस, गाव सांगत नाही, जमादाराचा खांदा चोळतो. पारावर त्याला हाकलून द्यायची भाषा सुरू झाली. माणिक तर सगळ्यांत पुढं. "मी तर आधीपासून म्हणायलोय," असं छाती ठोकून सांगत होता.

मला धीर धरवेना. मी तालमीच्या दाराशी गेले. आत पाय टाकला नाही, उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "उस्ताद, तुमचं खरं गाव कोणतं?"

तो भिंतीला पाठ लावून मुठींना सुतळी गुंडाळत होता. माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसला. "आक्का, माझ्यावर शक घेता, लय चांगलं करता. तुमच्या जागी असतो तर मीबी घेतला असता. पण एकट्या माझ्यावरच कामून?"

"मग आणखी कुणावर घेऊ?"

"सगळ्यांवर. सारखा घ्यायचा. परक्यावर जास्त अन् आपल्यावर कमी, तो शक न्हवं, तो राग झाला."

मग त्यानं एक लांब तलवार उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाला, "मूठ धरून बगा. करंगळीखाली."

मी धरली. वरून काही दिसत नव्हतं, पण करंगळीखाली सुतळीला एक बारीक गाठ लागली, ज्वारीच्या दाण्याएवढी. दुसरी मूठ धरली, आखूड तलवारीची. ती गुळगुळीत.

"माणिकनं मारलीया," उस्ताद म्हणाला. "दिवाळीच्या आदीपासून हाय. मुठींवर हात फिरवतो, गाठ चाचपतो, लांब उचलतो."

"अन् तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर गाठ सोडून दुसरं काही केलं असतं. ते मला कळलं नसतं."

माणिक! माझ्या हातचं पिठलं खाणारा माणिक! पण मीही काही कच्ची नव्हते. म्हटलं, "खेळात लबाडी केली म्हणून माणूस खबऱ्या होत नाही, उस्ताद."

"न्हाईच होत," तो लगेच म्हणाला. "म्हणून तर परीक्षा घ्यायची. मांजरावानी."

मला हसूही आलं आणि रागही आला. त्यानं बेत सांगितला. भावजींना आता वऱ्हाडात पाठवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. माणिकला मी माझ्या तोंडानं, भाकर वाढता वाढता सांगायचं, की नामदेव पहाटेच्या गाडीनं पिंगळीहून जाणार. मालकांना आणि आत्याबाईंना सांगायचं, पूर्णेच्या वाटेनं जाणार. खरी वाट कुणालाच सांगायची नाही.

"मालकांनासुद्धा नाही?" मी विचारलं.

"सारखा म्हणजे सारखा."

"आणि तुमच्यावर?" मी मुद्दामच विचारलं.

"मलाबी सांगू नका," तो म्हणाला. "पिंगळीवर पोलीस आले तर खबर माणिकची असंल न्हाईतर माझी. ते तुमचं तुमी ठरवा. पण नामदेव खऱ्या वाटेनं नीट गेला तर ते तुमच्या एकटीच्या पोटात ऱ्हायलं म्हणून."

मी घरी आले आणि दिवसभर विचार करत राहिले. हा माणूस आपल्याला फसवतोय का? चोरानं स्वतः येऊन कुलूप द्यावं तसं तर हे नाही? फिरून फिरून मनात तो साय धरलेला चहा यायचा. शेवटी ठरवलं. त्यानं बेत केला, पण वाट मी ठरवली, आणि ती त्याला ठाऊक नव्हती, एवढ्यावर मी पुढं झाले. भावजींना सरकीच्या बैलगाडीतून जिंतूरकडं काढायचं, चारठाण्याच्या जुन्या देवळांपाशी माझ्या माहेरचा माणूस उभा करायचा, तिथून पुढं वऱ्हाड जवळ.

माणिक जेवायला आला. मी पिठलं वाढलं. म्हटलं, "जेव पोटभर. तुझा सोबती उद्या पहाटेच्या गाडीनं चाललाय पिंगळीहून. कुणाला बोलू नकोस, बाबा." त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "बरं झालं, वैनी. लय बरं झालं." आणि एरवी चार भाकरी खाणारा पोरगा दुसरी अर्धी टाकून उठला. आत्याबाई तेवढ्यात परसातून आल्या, म्हणाल्या, "पोराला सोबत्याचं दुःख झालं गं." मी त्याचं ताट उचललं.

पहाटे भावजी सरकीखाली दडून गेले. जाताना माझ्या पायाला हात लावला. मला रडू फुटलं, पण गाडी हाकणाऱ्याला कळू नये म्हणून पदर तोंडात कोंबला.

पिंगळीवर काय झालं ते मागाहून शेंगा विकणाऱ्या म्हातारीनं सांगितलं. जमादार सगळी माणसं घेऊन स्टेशनामागं दबा धरून बसला होता. फलाटावर, पार टोकाला, एक माणूस भावजींचा पटका बांधून, भावजींचंच पांघरूण घेऊन बसलेला. त्याची पाठ सगळ्या स्टेशनाकडं. हलला नाही, वळला नाही. जमादाराला वाटलं सावज हातात आहे, याचे साथीदार गाडीतून उतरतील तेव्हा सगळेच एकदम धरू. गाडी उशिरा आली. ती आली आणि निघून गेली तरी माणूस बसलेलाच. तेव्हा कुठं जमादारानं जाऊन खांद्यावर हात टाकला, तर पटक्याखाली उस्ताद.

पटका आणि पांघरूण त्यानं भावजींकडून आदल्या संध्याकाळी मागून घेतलं होतं. मला त्याचा पत्ता नव्हता. मी विचार करते, जो माणूस पारावर बुंधा धरल्याशिवाय बसत नव्हता, तो तितका वेळ पोलिसांकडं पाठ करून कसा बसला असेल? पाठीवर भाला कधी येईल याचा भरवसा नाही, आणि वळून बघायचं नाही. वळला असता तर जमादारानं तोंड ओळखलं असतं आणि सगळी फौज रस्त्यांवर निघाली असती. भावजींची बैलगाडी तोवर जिंतूरच्या वाटेला जेमतेम लागली होती.

त्या दिवशी माणिक जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. पुढं तो हैदराबादेकडं गेला असं कानावर आलं. भावजी मात्र निजामाचं राज्य गेलं तसे सुखरूप परत आले, लग्न केलं, आणि आज अंगणात तलवारी खेळणारी निम्मी पोरं त्यांच्या घरचीच आहेत. उस्ताद परत आला नाही. भावजींनी कंधारला विचारलं, बिदरलाही जाऊन आले. दोन्ही गावांत अशा नावाचा माणूस कुणाला ठाऊक नव्हता.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते स्टेशनावर धरला त्याच दिवशी सकाळी. शिपाई त्याला तालमीची झडती घ्यायला गावात घेऊन आले. हात पाठीमागं बांधलेले, चुरगळलेल्या कानामागून रक्त आलेलं. पारावरची माणसं आपसांत बोलत होती. गावाला अजून काही ठाऊक नव्हतं. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "जमादाराचं अन् त्याचं वाटणीवरून फिसकटलं वाटतं." मी दारात उभी होते. रात्रभर जिवाला घोर लागलेला, आणि आता समोर हा. आमच्या दारासमोर आल्यावर तो थांबला. शिपायानं ढोसलं तरी हलला नाही.

"आक्का," तो म्हणाला, "पाणी पाजता का?"

मागून आत्याबाई काहीतरी म्हणाल्या. मी माजघरातून तांब्या भरून आणला. तो आधी थोडं पाणी सांडायला सांगेल, वास घेईल, निदान तांब्यात डोकावेल म्हणून मी क्षणभर थांबले. त्यानं तोंड वर केलं. पारावरची माणसं, शिपाई, सगळ्यांकडं पाठ करून, डोळे मिटून तो माझ्या हातून पाणी प्यायला. मी तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिले.